ठकी, सासरची सुंदरा

निरोप यष्टीच्या कंडक्टरनं आणला. सकाळची शाळा सुटल्यावर भोरच्या स्टँडवरून माझ्या खोलीवर निघाले होते, तेवढ्यात नुकत्याच लागलेल्या गाडीच्या खिडकीतून त्यानं हाक मारली, "ओ मास्तरीणबाई, तुमच्या गावाकडनं, विंझरच्या बाजूनं सांगावा हाय. तुमची आत्या गेली." एवढ्यानं मला कळलं नसेल असं त्याला वाटलं असावं. गावात आत्या पुष्कळ असतात. तो जरा थांबला, नाव आठवून पाहिलं, आणि मग म्हणाला, "ती हो... कचेरीवाली." तिच्या नावाची त्याला कधी गरजच पडली नव्हती. ती हात करायची, तो गाडी थांबवायचा, आणि ती "वेल्हं" किंवा "भोर" एवढंच म्हणायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. दादा तिला आक्का म्हणत, गाव ठकी म्हणे, आम्ही पोरं ठकूआत्या. लग्न करून ती भोरच्या पलीकडच्या एका गावी गेली, तेव्हा भोरला संस्थान होतं. सासरी रीतीप्रमाणे तिचं नाव बदललं आणि ती सुंदरा झाली. मूलबाळ झालं नाही. नवरा गेल्यावर दिरानं एक दिवस तिचं बोचकं ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, "तुजं हितं काय हाय?" ती परत आली. दादांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. घराच्या मागच्या अंगाला तिला एक खोली काढून दिली, आणि पुढची सगळी वर्षं तिच्या ताटात भाकरी कमी पडू दिली नाही. हे आधीच लिहिते, कारण पुढे जे यायचं आहे त्यानं दादा वाईट वाटतील, आणि ते वाईट नाहीत.

आमच्या घराच्या भिंतींवर पत्रकं डकवलेली असत. दादा सभांना जात, परतताना पत्रकांचा गठ्ठा आणत. वाटून उरलेली भिंतीवर जात, म्हणजे गिलाव्याची फटही बुजे आणि विचारही घरात राहत. मी अक्षरं पाटीवर शिकले नाही, त्या भिंतींवर शिकले. समता, स्वाभिमान, हक्क हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता येत होते. धर्म बदलला त्या साली दादांनी घरातले देव विसर्जित केले, तेव्हा सगळ्यात आधी टोपली उचलली ती आत्यानं. ती म्हणाली होती, "त्यांनी तरी कवा इचारलंय मला!"

आजा वारला त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात आई आणि आत्याचं चुलीच्या लाकडांवरून भांडण झालं. भांडण साधंच होतं, पण रागाच्या भरात आईच्या तोंडून नेमकं तेच वाक्य निघालं, "तुमचं हितं काय हाय?" दुसऱ्या दिवशी आत्या अंघोळ करून, धुवट लुगडं नेसून तलाठ्याकडे गेली आणि म्हणाली, "माज्या बापाच्या जिमिनीला माजं नाव लावा."

दादांना हे कळलं तेव्हा ते हबकलेच. भांडले नाहीत. पण आमच्याकडे भावाच्या जमिनीला बहिणीनं नाव लावायचं म्हणजे माहेर तोडायचं. बहीण वाटा सोडते, भाऊ दिवाळीला साडीचोळी करतो, आणि हे सगळं माया म्हणून चालतं. आत्यानं त्यांना समोर बसवून सांगितलं, "धोंडू, जिमीन तूच नांगर, तूच खा. भाताचं एक कणूस मागनार न्हाई मी. मला निस्तं नाव पायजे. हितं माजं काय हाय, आसं कुनी इचारलं तर बोट दावायला." दादा मान खाली घालून म्हणाले, "मी न्हाई म्हनत न्हाई, आक्का. पन मला कचेरीत बोलवू नको. भाव-भैन कचेरीत हुबी ऱ्हायली तर गाव म्हनंल, धोंडिबानं भैनीला टाकली."

तलाठ्यानं नाव विचारलं तेव्हा आत्यानं सुंदरा सांगितलं. लग्न झालेली बाई परक्या माणसापुढे, त्यातून सरकारी माणसापुढे, पोरपणचं नाव सांगत नाही. ती रीत तिच्या हाडात होती. अर्ज लिहिला गेला तो सुंदराबाईचा. मग चौकशी झाली. चावडीवर गावातली जुनी माणसं तेवढी बोलावली, आत्याला नाही, आणि विचारलं, मयत कृष्णाला, म्हणजे माझ्या आजाला, सुंदरा नावाची मुलगी आहे काय? म्हातारे सच्चे होते. त्यांनी आठवून आठवून सांगितलं, "किस्नाला लेक एकच, ठकी. सुंदरा आमाला ठावं न्हाई." त्यांनी अंगठे उठवले. झालं. ज्यांनी तिला रांगताना पाहिलं होतं त्यांनीच, एक शब्दही खोटं न बोलता, तिला कागदावरून पुसून टाकलं.

तिथून तिची पायपीट सुरू झाली. वेल्ह्याच्या कचेरीतला कारकून चांगला होता, वसकन अंगावर येणारा नव्हता. एकदा मी बरोबर होते. त्यानं चष्मा वर करून विचारलं, "ठकी कोण?"

"मी."

"आणि सुंदराबाई?"

"मीच की."

"मावशी, कागदाला दोन बाया दिसतात."

"मंग दुसरीला घरी ठिवून आलीया, भाकऱ्या थापतीया," आत्या म्हणाली. सगळी कचेरी हसली. कारकूनही हसला, आणि हसत हसतच त्यानं सांगितलं की ठकी आणि सुंदरा एकच, असा सासरच्या गावचा दाखला लागेल. सासरचं गाव भोर तालुक्यात. भोरच्या कचेरीत म्हणाले, जमीन वेल्ह्याकडची, आम्ही कशात हात घालायचा? लग्नाची काही नोंद असेल म्हणून चौकशी केली तर कळलं, लग्न संस्थानच्या वेळचं, ते दप्तर पुण्याला गेलं. पुण्याला कुठे, ते पुण्याला विचारा. सासरचा पोलीसपाटील तिला ओट्यावर बसवून चहा पाजायचा. दाखल्याचं काढलं की म्हणायचा, "वैनी, तुला लिवून दिलं की तू किस्नाची लेक बी ठरशील आन हितली सून बी ठरशील. उद्या हितंबी वाटा मागशील. तुजा दीर मला जगू दील व्हय?" पुढल्या बाजारी ये, म्हणायचा. ती पुढल्या बाजारी जायची.

या काळात मी शिकत होते, मग मास्तरीण झाले, आणि माझं रक्त सारखं उकळत असे. तिचे अर्ज मी लिहायची. पहिल्या अर्जात मी संविधानापासून सुरुवात केली, पिढ्यान् पिढ्यांच्या अन्यायावर आले, आणि शेवटी शासनाला इशारा दिला. वेल्ह्याच्या कारकुनानं तो शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि मला परत दिला. "ताई, भाषण छान आहे. आता अर्ज द्या." मग मी पत्रक काढायचं ठरवलं, आत्याच्या प्रकरणावर, नावानिशी. नसरापूरला गाडी बदलताना तिला मजकूर वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "माजं नाव छापून काय करू बाय? गावभर वाटशील, लोकं त्यात भजी खातील. लावता येत आसंल तर सातबाऱ्याला लाव." ते पत्रक मी काढलं नाही. त्यात लिहायचं तरी काय होतं? कुणी लाच मागितली नव्हती, कुणी कागद दडवला नव्हता. कुणी एकजण तरी खोटं बोलला असता तर पत्रक काढता आलं असतं. इथे सगळे खरं बोलत होते, आपापल्या जागी बरोबर होते, आणि माझी आत्या थकत होती.

शेवटी वेल्ह्याच्या साहेबांनीच मार्ग सांगितला. दाखला राहू द्या. सख्ख्या भावानं येऊन एवढा जबाब द्यावा की ही माझी बहीण, ठकी, सासरचं नाव सुंदरा. एका वाक्याचं काम. मी ते वाक्य घेऊन घरी आले. दादा अंगणात दावं वळत होते. मी भिंतीकडे बोट करून त्यांच्याशी भांडले, तुमची पत्रकं काय फक्त पुरुषांसाठी होती का, इथपर्यंत बोलले. ते दावं वळत राहिले. आतून आत्याच बाहेर आली आणि माझ्यावर खेकसली, "बापाला बोलतीस? त्यो न्हाई म्हनाला न्हाई. त्याला जवा यायचं तवा यील." पण त्या दिवसानंतर ती बहुतेक वेळा एकटीच जायला लागली. बाकावर बसायची, साहेब नसले तर परत यायची. काय झालं असं आम्ही विचारायचं सोडलं, आणि ती सांगायचं...

भाताची झोडणी चालू असताना तिला ताप भरला. वेल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला ती तयार होईना. "त्या गावाला आता न्हाई," एवढंच म्हणाली. मी पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं.

आणि तिथे मी ते पाहिलं, जे कोणत्याही कचेरीत कुणी पाहू शकलं नव्हतं. एका बाजूला आमच्या गावच्या बाया बसल्या होत्या, "ठके, ऊठ गं" म्हणून रडत होत्या. दुपारच्या गाडीनं सासरची माणसं आली. म्हातारा झालेला दीर तिच्या पायाशी बसला आणि हुंदका फुटून म्हणाला, "सुंदरा वैनी, आमी तुजं केलं न्हाई गं..." एकाच देहाशी दोन्ही नावं. चौकशीत अंगठा दिलेला आमचा एक म्हातारा माझ्या शेजारी काठी टेकून उभा होता. त्यानं मला हळूच विचारलं, "पोरी, ही सुंदरा कोन?" मी बोट दाखवलं. त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो मट्‌कन खाली बसला. दादा समोरच उभे होते. त्यांनी दिराकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि तोंडावर उपरणं घेतलं.

मृत्यूची नोंद करायला ग्रामसेवक आला. दादांनी दोन्ही नावं सांगितली, त्यानं दोन्ही लिहिली. पुरावा मागितला नाही. जिवंत बाई एक की दोन हे ठरवायला सरकारला वर्षं पुरली नाहीत, आणि मेलेली बाई एक आहे हे उभ्या उभ्या पटलं. मला इथे संताप लिहायचा होता. लिहायला बसले की नुसता शीण येतो.

गेल्या पंधरवड्यात गावात चावडीवाचन झालं. वर्षातून एकदा तलाठी गावाला जमवून कोणती जमीन कुणाच्या नावावर ते मोठ्यानं वाचतो. चुकलं असेल तर ऐकणाऱ्यानं तिथेच बोलायचं. बाया तिथे जात नाहीत. मी गेले, कोपऱ्यावर उभी राहिले. आमच्या लोकांनी ओट्यावर बसू नये असं आता कुणी म्हणत नाही, तरी दादा पायरीवरच बसले होते. तलाठी भरभर वाचत होता. "धोंडिबा कृष्णा... हरकत नाही ना? पुढं—"

"हरकत हाय," दादा म्हणाले.

तलाठ्यानं मान वर केली. "तुमचीच जमीन, तुमचंच नाव. हरकत कुणाची?"

"माजीच. ह्यात माज्या भैनीचं नाव न्हाई."

"धोंडिबा, त्या वारल्या ना? मयताचं नाव आता लागत नाही. आणि त्यांना मूलबाळ नाही, म्हणजे त्यांचं जे काही असेल ते फिरून तुमच्याकडंच येणार. कशाला उगाच?"

"न्हाई लागत तर न्हाई. तुमी हरकत लिवा." दादा पायरीवरून उठले. "ठकी. सासरचं नाव सुंदरा. माजी सख्खी थोरली भैन."

तलाठ्यानं टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं. सुनावणीला वेल्ह्याला या म्हणाला.

त्यातून काही होणार नाही. साहेब तेच सांगतील जे तलाठ्यानं सांगितलं; कायदा मी वाचला आहे. दादांनाही हे ठाऊक आहे. ते वाक्य तिनं ऐकायचं होतं, आणि तिच्याशिवाय साऱ्या गावानं ऐकलं. याबद्दल दादांना मी काय म्हणू, मला कळत नाही. माफ करावं इतकं ते मागत नाहीत, आणि भांडावं इतकं बळ माझ्यात उरलेलं नाही.

आज सुनावणी. मी रजा काढून कालच घरी आले. सकाळी दादा उंबऱ्याशी रेंगाळत होते. टोपी घातली, काढली, परत घातली. आईनं भाकरी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बिगी बिगी निघा. साहेब दुपारनंतर घावत न्हाई."

हे आत्याचं वाक्य. प्रत्येक खेपेला निघताना ती हेच म्हणायची, कुणाला उद्देशून नाही, आपलं स्वतःलाच. आईच्या तोंडून ते निघालं आणि दादांनी टोपी नीट बसवली. मग लांबून गाडीचा आवाज आला, आणि दादा निघाले.