पाठीवरचं कुंकू

आमच्या आळीतले नाना आपल्या मोटारीला 'धाकली सून' म्हणत. घरात खऱ्या दोन सुना होत्या, त्यांच्यावर नानांनी कधी आवाज चढवला नाही आणि या तिसरीवरही नाही. पारोळ्याच्या अलीकडे चढावर ती रुसून बसली की ते खाली उतरत, तिच्या बॉनेटवर हात ठेवत आणि हळूच म्हणत, "चाल व माय, लोके देखी ऱ्हायनात." बहुतेक वेळा ती चालेही. एरवी ती जळगाव-धुळे भाड्याने फिरे, पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की नाना भाडं घेत नसत. आळीतल्या सासरी गेलेल्या लेकी माहेरी आणायच्या, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

आता सून म्हटली की साजशृंगार आला. दिव्यांची अर्धी काच काळी करायची, समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड येऊ द्यायचा नाही, असा नियम आहे हे नानांना कुणीतरी सांगितलं. कोणती अर्धी, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. काजळ कुठे घालतात हे काय विचारायचं? त्यांनी दोन्ही काचांना खालच्या बाजूने काळं रोगण फासलं. मग दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक लहान दिवा बसवून त्याची काच लालभडक रंगवली. ते कुंकू. मागचा दिवा मात्र तसाच पांढरा, कारण पाठीकडे कोण बघतं!

या काजळाचा परिणाम असा झाला की उजेड रस्त्यावर पडायचा सोडून कडुलिंबाच्या शेंड्यांवर आणि गाडीवानांच्या तोंडावर पडू लागला. कापसाच्या गाड्या समोर आल्या की बैल बिथरत आणि गाडीवान नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. नाना उतरून बैल सावरायला मदत करत आणि घरी येऊन कौतुकाने सांगत, "मन्ही सून देखीसन बैल बी दिपतस." त्यांच्या भोळेपणाचा मला राग येई आणि हसूही.

माझ्या लग्नानंतरची पहिली आखाजी आली. मी धुळ्याला. बाबांना दम्यामुळे प्रवास झेपत नव्हता आणि भाऊ अजून लहान. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, "ते नाना आले तर पाठवीन. बसमध्ये एकटी सून घालणार नाही." म्हणजे माझं माहेर त्या धाकल्या सुनेवर टांगलेलं होतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात ती जळगावला पासिंगसाठी आरटीओच्या साहेबांपुढे उभी राहिली.

पुढचं मला नानींनी सांगितलं. त्या नानांच्या पत्नी. जेवण घेऊन तिथे गेल्या होत्या. साहेब म्हणाले, "नाना, हे कायद्यात बसत नाही. काळं वरच्या अर्ध्या भागाला हवं. पुढे लाल दिवा चालत नाही, लाल मागे लावा."

नाना हटून बसले. "काजय पापनीवर कोन लावस, साहेब? अन् सवाशीन कुंकू काय पाठवर लावस?"

साहेबांनी हसू दाबलं, पण सही केली नाही. रंग बदलल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणायची नाही, असं बजावलं. नाना डबा न उघडता बसून राहिले. शेवटी नानी बोलल्या.

"सासरा समोर उना ते सून वर देखस का? खाले देखस. तिन्या बी पापन्या खाले करा." नानांनी मोटारीकडे पाहिलं. "अन् लेक सासरे जास तव्हय माय मांगे उभी ऱ्हास. तिले काय दिखस? पाठच ना?"

नानांनी रोगणाचा डबा मागवला.

आखाजीच्या दोन दिवस आधी मला माहेरी न्यायला आलेला माझा मुराळी, म्हणजे नाना, आमच्या दारात उभा होता, हाताला काळे-लाल डाग घेऊन. त्या वर्षी आखाजीच्या झोक्यावर मी इतकं गायले की घसा बसला. परत निघाले ती संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आई रस्त्यावर येऊन उभी राहिली. ती पुढे म्हणायची, वळणापर्यंत लाल दिवा दिसत होता, तेवढा वेळ तू घरातच होतीस.

अशा कितीतरी आखाज्या झाल्या. शेवटच्या खेपेला मला धुळ्याला सोडताना नाना म्हणाले, "थकनी व माय ही. मी बी थकनू." एरवी मी पिशव्या उचलून सरळ घरात जायची. त्या दिवशी मात्र पाठीवरचं कुंकू दिसेनासं होईपर्यंत दारात थांबले. श्रावणात नाना गेले.

पुढच्या आखाजीला भाऊ बसने न्यायला आला. परत धाडायला आई स्टँडवर आली आणि तिच्याबरोबर नानीही, थोड्या मागे सरून. बस निघाल्यावर मी खिडकीतून मान काढून पाहिलं. आई डोळे पुसत होती. मोकळ्या कपाळाच्या नानी बसच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत उभ्या होत्या.