धाकटीचं घर

लाँड्रीत दिवसभर इस्त्री फिरवणाऱ्या त्या बाईच्या पोटात पहिली कळ आली, ती नेमकी धाकट्या जावेनं नवं घर घेतलं त्याच आठवड्यात. झालं! सासूबाईंच्या हाती आयतं कोलीत मिळालं. "धाकटीनं घर घेतलं आणि हिच्या पोटात दुखायला लागलं," असं त्या येईल त्याला सांगायच्या आणि सगळे खदखदून हसायचे.

इकडे ही पोट टेबलाच्या कडेला दाबून धरून चादरींना इस्त्री करायची. पहिल्या डॉक्टरनं गॅस म्हटलं, दुसऱ्यानं टेन्शन. "मनाला लावून घेऊ नका," म्हणे! दुखत होतं पोट आणि उपदेश मनाला. नवरा दोन्हीकडे सोबत होता, पण मिशीतल्या मिशीत हसत.

तिसऱ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

हिनं तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "माझ्या भावानं घर घेतलं तेव्हापासून!" आणि स्वतःच फिदीफिदी हसला.

हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही बाहेर बसा," ती कडाडली. तो उठून बाहेर गेला.

सोनोग्राफीत गाठ दिसली. आत बोलावून ऑपरेशन सांगितल्यावर नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "काय म्हणाले डॉक्टर?" हिनं नवऱ्याच्या हातून फोन हिसकावून घेतला.

"आई, धाकटीचं घर सापडलं माझ्या पोटात. लिंबाएवढं आहे, कापून काढणार आहेत. आता हेही सांगा येईल त्याला."