रंगाऱ्यासाठी टब

कारखान्यात गणवेशाचं कापड बेतणाऱ्या त्या बाईला सगळे टेपमावशी म्हणायचे, कारण मापाची टेप जेवतानाही तिच्या गळ्यातून उतरत नसे. कात्री लावण्याआधी ती दोनदा मापायची, आणि मनाच्या समाधानासाठी आणखी एकदा. तिच्या हातून कधी कापड वाया गेलं नाही, याचा तिला अभिमान होता. नवरा रंगारी, आणि स्वभावाने अगदी उलटा. डबा उघडला की ब्रश बुडवला. रंग चुकलाच तर भिंतीकडे बघून म्हणायचा, "हिला हाच शोभतो."

पन्नाशीनंतर रंगाऱ्याचा पाय शिडीवर अडखळू लागला. मग बोटं आखडली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की अंग असंच लाकडासारखं होत जाणार, यावर इलाज नाही. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताईंनी तेवढी एक वाट दाखवली. "गरम पाण्यात बसवत जा. आजार जाणार नाही, पण दुखण्याला उतार पडेल. घरी टब घेता आला तर बघा."

"निळा घे," रंगारी म्हणाला. "आणि आजच घे."

दुकानात तो काठी टेकत स्वतःच्या पायांनी गेला. तिथल्या कोरड्या टबात बूट घालूनच उतरला आणि पाय पसरून बसला. "हाच. बांधून द्या."

विक्रेता हसला. टेपमावशीने टेप काढली होती. कठडा गुडघ्याच्या वर येत होता. पाण्याचे झोत पाठीऐवजी मानेवर येतील असं तिला वाटलं. घराच्या मागच्या खोलीची फरशी एवढं वजन पेलेल का? टब दारातून आत जाईल का? "अहो, उठा आता. घरी जाऊन मोजते. टब काय रोज रोज घ्यायचा असतो?"

तिने दार मोजलं, गवंड्याला बोलावून फरशी दाखवली. सगळं जमत होतं. पण तोवर रंगाऱ्याला दोन्ही बाजूंनी धरावं लागत होतं आणि तो कठडा त्याला ओलांडता येणार नव्हता. मग बुटक्या कठड्याचा शोध सुरू झाला. तसा मिळाला, पण त्यात आडवं पडायची सोय होती. हा घसरून पाण्याखाली गेला तर? पुढे बाजूला दार असलेला एक सापडला. त्यात आधी आत बसायचं, मग पाणी भरायचं. तेवढ्या वेळात तो गारठला असता.

"वहिनी," तिचा दीर म्हणाला, "आखूडशिंगी, बहुदुधी शोधत बसलात तर हाती काहीच लागायचं नाही. कुठला तरी घेऊन टाका."

"आणि हे आत घसरले, तर रोज धरायला येणार आहात का, भाऊजी?"

दिराने चपला पायात सरकवल्या. तो येणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एका संध्याकाळी ती खुर्चीतल्या नवऱ्याच्या खांद्यांची रुंदी घेत होती. तोवर त्याची जीभ जड झाली होती. "कफनाचं माप का गं?" त्याने विचारलं आणि स्वतःच हसला. ती त्याच्यावर खेकसली. मग स्वयंपाकघरात जाऊन, नळ मोठा सोडून, पोटभर रडली.

शेवटी तिला हवा तसा टब मिळाला. बुटका, निळा, माणसाला अलगद आत सोडणारी खुर्ची असलेला. तो आला तेव्हा रंगाऱ्याची मान धरावी लागत होती. ताई, दीर आणि ती, तिघांनी मिळून त्याला खुर्चीत बसवलं. पाणी गुडघ्यांना लागलं तेव्हा त्याचा चेहरा सैलावला. ते छातीपर्यंत आलं आणि त्याच्या घशातून घरघर निघाली, डोळे विस्फारले.

"वर घ्या!" ताई ओरडल्या. "छातीवर पाण्याचा दाब सोसत नाहीये त्यांना."

वर घेतलं. टेपमावशी त्याचं अंग पुसत असताना तो एकेक शब्द जुळवत म्हणाला, "तेव्हा... बसलो असतो."

"हो," ती म्हणाली.

त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच तिला सोसवेना.

पुढे ती टबातलं गरम पाणी बादलीत काढायची आणि टॉवेल पिळून त्याचे पाय शेकायची. त्याला बरं वाटायचं, डोळे मिटायचे. थंडी संपता संपता त्याचा श्वास थांबला.

दिराने टब विकायचं मनावर घेतलं आणि एक गिऱ्हाईक आणलं. निवृत्त मास्तर आणि दुखऱ्या कंबरेवर हात ठेवून उभी असलेली त्यांची बायको. मास्तरांनी टबाला दोन फेऱ्या मारल्या, वाकून खालचे नळ बघितले. "चांगला आहे. पण घरी जागा मोजतो, मग कळवतो."

"मोजू नका," टेपमावशी म्हणाली. "आजच न्या."

"अहो, पण दारातून नको का जायला?"

"चौकट काढा. भिंत पाडा. पैसेही सवडीने द्या. पण आजच न्या, यांना आजच बसवा." तिने त्या बाईचं मनगट घट्ट धरलं होतं.

बाईने घाबरून हात सोडवून घेतला. मास्तर दिराला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "एवढी घाई चालली आहे, म्हणजे टबात काहीतरी खोट असणार." दीर समजावत फाटकापर्यंत गेला, पण नवरा-बायको थांबले नाहीत.

तो परत आला तेव्हा वहिनी टबावर झाकण ओढत होती. ते जड होतं. तो दुसऱ्या बाजूला गेला आणि त्याने हात लावला.