घाबरट माणसाचं गाऱ्हाणं

मला माणसांची भीती वाटते, आणि माणसं वगळून राहायची सोय गोव्यातल्या आमच्या नार्वे गावात नाही.

भीती साधीसुधी नव्हे. चार डोळे माझ्याकडे वळले की छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात आणि आपण आता इथेच मरणार अशी पक्की खात्री होते. डिचोलीहून येताना बसमध्ये ‘थांबव रे!’ असं सगळ्यांदेखत ओरडायला लागू नये म्हणून मी दुसरं कुणी उतरेल तिथेच उतरतो आणि उरलेली वाट चालतो. (प्रकृती उत्तम आहे ती याच कारणाने.) एकदा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्यावालीने मोठ्याने विचारलं, “बाबा, घेतां काय नुसतेच बघतां?” आणि मी तिथेच मटकन खाली बसलो. इस्पितळात ईसीजी काढला. तो इतका सुरेख आला की बायकोला आनंद झाला आणि मला थोडा अपमान वाटला!

मग ज्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, त्यांनी गोळ्या दिल्या, श्वास हळू सोडायला शिकवला आणि म्हणाल्या, “भीती लपवू नका, लपवली की वाढते. आली की जवळच्या एकाला स्वच्छ सांगा, मी घाबरलोय म्हणून.” सांगायला जमलं असतं तर इतकी वर्षं लपवली कशाला असती, हे मी त्यांना विचारलं नाही. (विचारायची भीती वाटली.)

अशात गौरीचं लग्न ठरलं. माझी एकुलती एक मुलगी. तिच्या साखरपुड्यात मी सगळा वेळ घरामागे नारळ सोलत काढला होता. एकाही फोटोत मी नाही.

“पपा, लग्नाक तरी समोर रव हां,” ती म्हणाली. “मांडवातसून पळालास तर मी पण पळान जाईन!”

मी शब्द दिला. मांडवाला मागून वाट आहे ना, हे मात्र आधी पाहून ठेवलं.

लग्नाच्या सकाळी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत आहे. एकाने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला “व्हय म्हाराजा!” म्हणायचं. हा मान आमच्या आपाकाकांचा. त्यांचं गाऱ्हाणं ग्रामदेवापासून निघतं आणि पंचायत, वीजखातं असं गाव फिरून वधूवरांपाशी पोचेतो पोरं झोपलेली असतात. यंदा तर त्यांनी खास माईक मागवला होता. तो तपासायला सकाळपासून “हॅलो, हॅलो” चाललं होतं. माईक उत्तम लागला तोवर काकांचा घसा पार बसला!

त्यांनी घशातून फुस्स असा आवाज काढला आणि माईक माझ्या हातात कोंबला.

“मी?”

“चेडवाचो बापूस कोण? मी?” काका कुजबुजले. मुलीचा बाप तर मीच.

“मुहूर्त टळतलो मरे!” भटजी ओरडले.

“जोरात होऊं दे!” आमच्या व्याह्यांनी हुकूम सोडला. “व्हिडिओ चालू आसा!” (व्याह्यांना सगळंच जोरात लागतं. पत्रिकासुद्धा त्यांनी ताटाएवढी छापली होती.)

व्हिडिओवाल्याचा दिवा थेट माझ्या तोंडावर आला आणि त्यापाठोपाठ भीती आली. धडधड, मुंग्या, मरण, सगळं नेहमीच्या क्रमाने. एक पाय आपोआप मागच्या वाटेकडे वळला. समोर गौरीने तो पाय पाहिला आणि शांतपणे शालूच्या निऱ्या उचलल्या. पोरगी दिलेल्या शब्दाला जागणारी! (हा गुण आईकडचा.)

आता बुडत्याला देव आठवावा तसं मला डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं. मी शेजारी उभ्या बायकोकडे वळून पुटपुटलो, “सुनीता, मी घाबरलोय.”

माईक तोंडापुढेच होता. सगळ्या मांडवाने ऐकलं. आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने मांडव गरजला, “व्हय म्हाराजा!”

“अहो, माईक!” सुनीता दात-ओठ खात म्हणाली.

“माझे पाय कापतायत.”

“व्हय म्हाराजा!”

“पळून जावंसं वाटतंय.”

“व्हय म्हाराजा!” यावेळी व्याह्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या म्हणण्याला एकानेही हरकत घेतली नव्हती. मी शिकवल्याप्रमाणे श्वास हळू सोडला. तो माईकमधून वादळासारखा घोंघावला. त्यालाही लोक “व्हय म्हाराजा!” म्हणाले! छातीतली धडधड बहुधा ओशाळली असावी, कारण ती हळूहळू उतरायला लागली.

“बा देवा म्हाराजा,” मी म्हणालो, “माझ्या गौरीला माझ्यासारखं कुठे लपावं लागू नये.”

“व्हय म्हाराजा!”

“आणि तिने हाक मारली की जावईबापूंनी नारळ सोलायला जाऊ नये.”

“व्हय म्हाराजा!”

गौरी हसली. निऱ्या खाली आल्या. आमच्या घराण्यातलं सर्वांत छोटं गाऱ्हाणं तिथेच संपलं आणि भटजींनी मला न मागता आशीर्वाद दिला.

पंगतीनंतर व्याह्यांनी मला नारळांच्या ढिगामागे ओढलं. आयुष्यात प्रथमच ते हळू बोलले. “माका पण तसाच होता. ती डॉक्टरीण खंयची? आमच्या बायलेक सांगू नकात हां!”

भीती गेलेली नाही. अजून येते, पण मी सांगून टाकतो आणि ती लवकर निघते. परवा तर बसमध्ये मी भरल्या गर्दीत स्वतःच्या आवाजात ओरडलो, “थांबव रे!” बस थांबली. सगळे बघत होते. मी रुबाबात उतरलो.

बस दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं, उत्साहाच्या भरात मी एक स्टॉप आधीच ओरडलो होतो. उरलेली वाट नेहमीसारखा चालत घरी आलो.