हात लावू नये

चंद्रपूरच्या कॉलेजात मी तासिकांवर शिकवते. दर जूनमध्ये नवीन आदेश निघतो आणि तो निघेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. पीएच.डी. झाली की ही कटकट संपेल, कायम होण्याची आशा तरी धरता येईल, एवढ्यासाठी मी तो धोंडा पायावर पाडून घेतला. मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसरी वाढ मिळणार नव्हती. यंदाच्या जुलैपर्यंत प्रबंध गेला नाही तर सगळं रद्द.

विषय सांगितला की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. एका संगणकाने दुसऱ्या संगणकाच्या मेमरीतून थेट माहिती उचलायची, तिथल्या प्रोसेसरला उठवायचंसुद्धा नाही, अशी एक सोय असते. त्यासाठी खास कार्ड लागतं. ते आमच्या लॅबमध्ये कुठून येणार? मग कार्डाचं काम सॉफ्टवेअरने करून घ्यायचं, म्हणजे शेवटी सगळा भार प्रोसेसरवरच. नवरदेवाला त्रास नको म्हणून आचारी बोलवायचा, आणि आचारी मिळाला नाही म्हणून नवरदेवालाच चुलीवरच्या भाताच्या गंजापाशी बसवायचं, त्यातला प्रकार.

त्यामुळे वेग कमी मिळणार हे मला ठाऊक होतं. पण इतका कमी? केबल जेवढं वाहून नेऊ शकते त्याच्या निम्म्यानेही माहिती पोचत नव्हती. मी केबल बदलली. मधला स्विच काढून दोन्ही मशीन थेट जोडल्या. माहिती ज्या पाकिटांतून जाते त्यांचा आकार वाढवला, बफर वाढवले, लिनक्सच्या तीन आवृत्त्या चढवल्या आणि उतरवल्या. प्रोसेसर कायम शंभर टक्के भरलेला दिसायचा. मी स्वतःला म्हणायचे, या सॉफ्टवेअरचं दुखणंच हे आहे. मग त्याच दुखण्यावर मी औषध शोधलं. पाकिटं एकेक तपासण्याऐवजी त्यांचे गठ्ठे करून प्रोसेसरचं काम वाचवायची माझी स्वतःची रीत. तिने वेग दीडपट झाला. आलेखात माझी रेघ साध्या सॉफ्टवेअरच्या रेघेच्या वर दिमाखात चालायची. त्या रेघेवर मी पाच प्रकरणं लिहिली.

या फेब्रुवारीत नागपूरचे माझे मार्गदर्शक सर म्हणाले, शेवटच्या प्रकरणासाठी हीच मोजणी दुसऱ्या दोन मशीनवर करून दाखव, म्हणजे परीक्षकाला बोलायला जागा राहणार नाही. मी खिडकीकडच्या रांगेतल्या दोन मशीन घेतल्या. माझ्या मशीनच्याच वर्षी आलेल्या, त्याच बनावटीच्या. माझी रीत न वापरता साधं सॉफ्टवेअर चालवलं, तर माहितीने केबल काठोकाठ भरली. मग माझी रीत लावली. आकडा तोच. हलायला जागाच नव्हती.

आता माझी हुशारी पाहा. मला वाटलं, याच दोन मशीन बिघडल्या आहेत. चांगल्या चालणाऱ्या मशीनमधला बिघाड मी आठवडाभर शोधत बसले! विद्यार्थ्यांवर खेकसले, घरी जेवले नाही.

लॅबचे शिपाई, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, रोज पोंभुर्ण्याहून एसटीने येतात. आमच्या कॉलेजात त्यांच्याइतकी वर्षं कोणीच काढलेली नाहीत. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून आणलेली बोरं माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "काय शोधून राह्यल्या मॅडम आठ दिवसापासून?"

मी वैतागून सांगितलं, "भाऊ, या मशीन माझ्या मशीनपेक्षा जोरात पळताहेत. का ते समजत नाही."

"मंग पळतीनच ना," भाऊ म्हणाले. "तुमच्या दोन मशीन कमीवर हायेत. मीनंच केलत्या."

चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. एप्रिलपासून लॅबमधला कूलर नुसती वाफ फेकतो आणि मशीन तापून आपोआप बंद पडतात. म्हणून भाऊ दर उन्हाळ्यात एकेक मशीन चालू होतानाच सेटिंगच्या निळ्या पडद्यावर जाऊन प्रोसेसरचा वेग कमी करून ठेवतात. पाऊस लागला की सगळ्यांचा परत वाढवतात. शिकवलेलं नाही कोणी, एका दुरुस्तीवाल्याचं पाहून शिकले.

"मग माझ्या का नाही वाढवल्या?"

"कशा वाढवणार? तुमी कागद चिकटवला ना त्याईच्यावर, संशोधन सुरू हाये, हात लावू नये म्हनून. मंग मी कायले हात लावीन?"

कागद मीच चिकटवला होता. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, लाल शाईने, खाली दोन रेघा ओढून. प्रोसेसर भरलेला आहे हे मी रोज पाहत होते, पण तो कितीने पळतोय हे एकदाही पाहिलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. भाऊंवर रागवायला तोंड नव्हतं, आणि स्वतःवर रागवायला जोर उरला नव्हता.

माझ्या दोन्ही मशीनचा वेग वाढवून पाहिला. दुखणं गेलं, आणि माझं औषधही निकामी झालं. सरांना फोन केला. त्यांनी सगळे आकडे पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाले, "तुझे आकडे खोटे नाहीत, हळू मशीनवरचे आहेत. तसं लिहिता येईल. पण परीक्षक पहिलंच विचारेल, मशीन हळू का ठेवली होती? काय सांगशील?" वेगवान केबल आणि कार्डं मिळाली तर कदाचित माझी रीत तिथे उपयोगी पडेल, हेही तेच म्हणाले. जुलैच्या आत ती कुठून येणार, ते दोघांनीही विचारलं नाही. मी म्हणाले, "सर, मी प्रबंध देत नाही." ते "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या मशीनसमोर नुसती बसले होते. भाऊ जवळ आले. "मॅडम, पाह्यजे तर परत कमीवर टाकून देतो. जसं होतं तसं होऊन जाईन. दोन मिनटाचं काम हाये."

मी नाही म्हणायला हवं होतं. "टाका," म्हणाले.

त्यांनी टाकलं. मी मोजणी लावली, आणि माझी रेघ वर चढली, दीडपट, अगदी पाच प्रकरणांत काढली आहे तशी. मला रडू आवरेना. ओढणीने तोंड झाकलं तरी भाऊंना दिसलंच. ते हसले, खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "झालं ना मॅडम? आता लावा नावासमोर डॉक्टर."