हमालांचे मावळे

पांढरकवड्याच्या ट्रक-स्टँडवर नंबरपाट्या रंगवणारा एक पेंटर होता. नाव मी कधी विचारलं नाही. दिवाळीच्या किल्ल्यांच्या प्रदर्शनासाठी त्याने मातीचा डोंगर रचला आणि त्यावर बोटाएवढे मावळे उभे केले. श्वास रोखून, चार केसांच्या ब्रशने तो त्यांचे डोळे काढायचा. प्रत्येक मावळ्याला स्टँडवरच्या एकेका हमालाचा चेहरा दिला होता. कुणी तिरळा, कुणी पुढे आलेल्या दातांचा. संध्याकाळी हमाल बायकापोरांसह स्वतःला बघायला येणार होते.

दुपारीच प्रदर्शनाचे अध्यक्ष जरीची टोपी सावरत आले. "किल्ल्यावर हमाल? शोभा घालवली! चेहरे पुसा, सगळे एकसारखे रुबाबदार करा!"

माझं डोकंच फिरलं! अहो, लढायला काय जरीच्या टोप्या गेल्या होत्या? मी तोंड उघडणार, तोच पेंटरने ब्रश कानामागे खोचला आणि एकेक मावळा अलगद उचलून टोपलीत ठेवला.

"अरे, हे काय करतोस?" अध्यक्ष ओरडले.

"हमाल घरी नेऊन राह्यलो, साहेब. किल्ला आता तुमीच राखा."

संध्याकाळी स्टँडवर मांडलेल्या मावळ्यांभोवती हमालांची पोरं नाचत होती, "तो पाहा, माहा बा!" तिकडे प्रदर्शनात रिकाम्या किल्ल्यावर अध्यक्ष एकटेच पहारा देत होते. मला त्यांची मुळीच दया आली नाही.