कपाटातला सॅक्सोफोन

"मावशी, कपाट मोकळं आहे का?"

दुपारचा चहा झाला की तो हे विचारायचा. एखाद्याने न्हाणीघर मोकळं आहे का विचारावं, तसं. मी "आहे" म्हटलं की आत कोणी बसल्यासारखी दारावर टकटक करायचा आणि सॅक्सोफोन घेऊन गोधड्यांमध्ये शिरायचा. पाय तेवढे बाहेर राहायचे.

हसू नका. सिंगापुरात क्लेमेंटीला आमच्या फ्लॅटच्या खालच्या मजल्यावर एक चिनी आजी होती. हा उघड्यावर वाजवायला लागला की ती कपडे वाळत घालायचा लांब बांबू खिडकीतून वर काढायची आणि आमच्या खिडकीवर ठोकायची. म्हणून कपाट. गोधड्या आवाज गिळतात.

माझा मुलगा तुआसला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात इंजिनीअर. एक खोली जास्तीची होती, ती त्याने ह्याला भाड्याने दिली. मराठी माणूस आहे, एवढंच पाहिलं. सामानात काय आहे ते पाहिलं नाही. मी चौथी शिकलेली. संगीतातलं मला एवढंच कळायचं की ते कधी थांबतं.

तो नगरकडचा ख्रिस्ती. वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे. कुणा अमेरिकन मिशनऱ्याने जाताना तबकड्या मागे ठेवल्या होत्या, तिकडच्या काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गाण्यांच्या. त्याला हा गॉस्पेल म्हणायचा. काही सोलच्याही होत्या.

"सोल म्हणजे आत्मा, मावशी. वाजवण्यात तो घालावा लागतो."

"घाल. पण गोधड्यांना थुंकी लावू नकोस."

त्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकून तो लग्नाच्या बँडमध्ये शिरला.

"नवरदेवाच्या घोड्यापुढे मी गॉस्पेल वाजवायचो."

"आणि घोडा?"

"घोड्याला आवडायचं. नवरीच्या बापाला रडू यायचं."

बँडमधून काढलं. मग तो प्रवासी बोटीवर जॅझ वाजवायला लागला. तिथे लोकांना नाचायचं असायचं आणि हा मध्येच डोळे मिटून प्रार्थनेला लागायचा. तिथूनही काढलं. शेवटी सिंगापूरचं एक हॉटेल. लोक लॉबीत केक खाणार आणि ह्याने कोपऱ्यात हळू वाजवायचं.

वाजवण्याआधी तो त्या वाद्याची वेताची पत्ती तोंडात धरून भिजवायचा. तेवढ्यात मी भाजी काय करू विचारलं, तर "उं उं" करायचा. त्याला कारलं आवडत नाही हे मला फार उशिरा कळलं.

एकदा मी मटार सोलत होते. कपाटातून थोडं वाजे, मग थांबे, परत थोडं वाजे. आता आमच्याकडे कोणी गोष्ट सांगत असलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. नाही दिला तर सांगणारा रुसतो. तोंडातून आपसूक निघालं, "हं."

कपाट गप्प झालं. दार उघडून डोकं बाहेर आलं. डोक्यावर माझी चादर.

"मावशी, परत म्हणा."

"काय म्हणू?"

"हं म्हणा! त्या तबकड्यांत असंच असतं. एक जण गातो, बाकीचे हो म्हणतात. हॉटेलात मला कोणी हो म्हणत नाही."

"तोंडात केक असतो त्यांच्या."

त्या दिवसापासून ते कामच लागलं. तो कपाटात, मी ओट्यापाशी. तो वाजवून थांबला की मी "हं, मग?" म्हणायचे. नात शाळेतून येऊन दप्तर टाकायची आणि तिच्या आईला इथल्या इंग्रजीत ओरडून सांगायची, "मम्मी, आज्जी टॉकिंग टू कपाट अगेन लाह!"

मग एक दिवस तो चहा न पिता बसला. हॉटेलने अमेरिकेहून गाणारी बाई आणली होती. साथीला सॅक्सोफोनवाला ती स्वतः निवडणार होती. मॅनेजरच्या मनात एक देखणा फिलिपिनो पोरगा होता.

"तिने मला घेतलं नाही तर हॉटेल माझा इथल्या कामाचा पास वाढवणार नाही, मावशी. परत जावं लागेल."

"कुठे?"

"घोड्यापुढे."

मग म्हणाला, "तुम्ही चला. नुसत्या समोर बसा."

मुलाने मला बजावलं, "आई, मोठं हॉटेल आहे. तिथे तोंड उघडायचं नाही."

"मी काय चावणार आहे कुणाला?"

दुपारची लॉबी रिकामी होती. गाणारी बाई अंगाने चांगली भरलेली, पिवळा झगा घालून चहा ढवळत होती. ह्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टाला माझ्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा असा वास येत होता की मॅनेजरने नाकाला रुमाल लावला.

आणि त्याने वाजवलं. कसं? घरात बाळ झोपलंय आणि माणूस चपला हातात घेऊन चाललाय, तसं. बाई चमच्याकडे पाहत राहिली. तो थांबला, माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात पदर कोंबला. शब्द दिला होता मुलाला. त्याने परत वाजवलं, परत थांबला. मॅनेजरने घड्याळ पाहिलं.

मी पदर बाहेर काढला.

"हं! मग?"

मला हळू बोलता येत नाही. मॅनेजर दचकला. पण ह्याने डोळे मिटले, आणि इतके दिवस गोधड्यांनी गिळलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. बाईने चमचा खाली ठेवला. टेबलावर थाप मारून ती ओरडली, "येस!" मी म्हटलं, "हं!" ती म्हणाली, "येस, सर!" वेटर ट्रे घेऊन तसाच उभा. मॅनेजर माझ्याकडे "मॅडम, प्लीज" करत आला, तर तिने त्याला हातानेच खाली बसवलं.

संपल्यावर तिने ह्याला विचारलं, ही बाई कोण? हा म्हणाला, "माय चर्च."

"उगाच काहीतरी," मी म्हटलं. "चल, कणीक मळायची आहे."

तिने ह्यालाच घेतलं. पास वाढला. पुढे ती जपानला निघाली तेव्हा ह्यालाही घेऊन गेली. जायच्या दिवशी त्याने माझ्या गोधड्या उन्हात घातल्या, घड्या करून आत ठेवल्या आणि दार लावताना टकटक केली. नंतर कुठे कुठे वाजवलं, कोणाबरोबर, मला ठाऊक नाही. पत्र लिहिणाऱ्यातला तो नव्हता.

तो गेल्यावर थोड्याच दिवसांत, दुपारच्या चहाच्या वेळी, खिडकीवर बांबू वाजला. आमच्याकडे चिटपाखरू बोलत नव्हतं. मी वाकून पाहिलं. खालून चिनी आजी मान वर करून बघत होती. तिने दोन्ही गाल फुगवले, हाताने वाकडं काहीतरी धरल्यासारखं केलं आणि पंजा उलटा करून विचारलं, कुठे आहे?

मी हात लांब, समुद्राकडे दाखवला.

तिने तिकडे मान वळवली. मग म्हणाली, "हं." आणि बांबू आत घेतला.